बाराव्या अंकाची पहारेदारी

नागपुरात मेडिकलला जा की मेयोला, केसपेपरच्या रांगेत आता हाताशी आकडे ठेवावे लागतात. मोबाइलचे १०, आधारचे १२ आणि ज्यांनी ‘आभा’ काढले आहे त्यांचे १४. मागून गर्दीचा रेटा, समोर काच. अशा वेळी एखादा अंक चुकला तर काय होते, हे त्या संख्येच्या घडणीवर अवलंबून असते.

आधारचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्याची रीत याकोबुस व्हर्हूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. माणसे आकडे लिहिताना मुख्यतः दोन चुका करतात: एखादा अंक बदलतो किंवा शेजारचे दोन अंक उलटतात. मराठीत दुसरी चूक सहज होते. ‘सत्तावन्न’ म्हणताना सात आधी येतो आणि ऐकणारा ७५ लिहून मोकळा होतो. डच भाषेतही एकक आधीच उच्चारतात!

नुसती बेरीज इथे उपयोगाची नाही. ५ अधिक ७ आणि ७ अधिक ५ सारखेच. पुस्तकांच्या तेरा अंकी आयएसबीएन क्रमांकात अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणतात. तरी १६ चे ६१ झाले की बेरजा १९ आणि ९ येतात, शेवटचा अंक तोच राहतो आणि चूक निसटते. व्हर्हूफने पंचकोन घेतला. तो आधी फिरवून मग उलटा केला, तर आधी उलटा करून फिरवल्यासारखा दिसत नाही. क्रमाला महत्त्व देणारे असे गणित आणि जोडीला जागेनुसार अंकांची अदलाबदल, यांमुळे एका अंकाची प्रत्येक चूक आणि शेजारच्या अंकांची प्रत्येक उलटापालट पकडली जाते.

या पहाऱ्यालाही मर्यादा आहे. मनाने रचलेल्या दहा संख्यांपैकी साधारण एक त्यातून सुटते. आणि बाईच्या केसपेपरवर नवऱ्याचा आधार क्रमांक पडला, तर गणिताला त्यात काहीच चूक दिसत नाही.

खरी अडचण मोबाइलची. त्या दहा अंकांत तपासणीचा अंकच नाही. एक अंक चुकला तरी तो नंबर बहुधा कुणाचा तरी निघतो. क्षयाच्या तपासणीचा निरोप भलत्याच घरी वाजतो, आणि रुग्ण आठवडाभर ‘अजून काही आले नाही’ म्हणत खोकत बसतो. म्हणून रुग्ण खिडकीशी उभा असतानाच त्या नंबरवर एक मिस्ड कॉल द्यावा. दहा सेकंदांचे काम आहे. रक्त चढवण्यापूर्वी तर नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही जुळवायचे, एकावर भागत नाही.

आजीला मुलाचा नंबर पाठ नसतो. तो कागदावर एकेक अंक सुटा लिहून तिच्या पिशवीत ठेवावा आणि खिडकीवर सांगताना ‘सत्तावन्न’ नव्हे, ‘पाच, सात’ असे सांगावे.