दुकाने मिटली, मोबाइल उघडला

मुंबईच्या फोर्टमधले स्ट्रँड बुक स्टॉल २०१८च्या फेब्रुवारीत बंद झाले. १९४८ पासूनचे दुकान, त्यामुळे बातम्या आल्या, लेख आले. मोहम्मद अली रोड, भेंडी बाजार भागातली उर्दू पुस्तकांची दुकाने मात्र कसलाही गाजावाजा न होता कमी होत गेली. काही ठिकाणी आता पुढे अत्तर, टोप्या, तसबीह असतात आणि किताबे मागच्या फळीवर.

वाईट वाटतेच. पण त्या दुकानांत आमच्या घरच्या बायका किती वेळा गेल्या, हेही विचारले पाहिजे. कोकणातल्या अम्मीला वाचायला मिळायचे ते मुंबईहून अब्बा सुट्टीत आणतील तेवढेच. एखादी नमाजची किताब, लेकीच्या निकाहात द्यायला ‘बहिश्ती जेवर’. निवड दुकानदाराची, नाहीतर अब्बांची. आज तिची सून दुपारची कामे आवरून फोनवर काय वाचायचे ते स्वतः ठरवते. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या मुलांना उर्दू ऐकून कळते, वाचता येत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या ‘रेख्ता’ने त्यांना मीर, गालिब देवनागरीत दिले. हे कोणत्या दुकानात मिळाले असते?

दुकानदार मात्र एक काम करायचा, ते फोन करत नाही. ‘हे राहू द्या, ते घेऊन जा’ असे सांगायचा. किताबीवर लिहिणाऱ्याचे नाव असे, छापणाऱ्याचा पत्ता असे, चूक निघाली तर विचारायला माणूस असे. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या हदीसखाली नुसते ‘बुखारी शरीफ’ लिहिलेले असते. बाब नाही, क्रमांक नाही. तरी दहा जणांना पाठवा, सवाब मिळेल, हा आग्रह असतोच! अशी हदीस आलिमांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमची खरी काळजी वेगळीच आहे. उर्दूला निदान रेख्ता मिळाली. मुस्लिम मराठी लेखनाचे काय? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून कितीतरी कवितासंग्रह, आत्मकथने, पुस्तिका निघाल्या. बऱ्याचशा पदरमोड करून छापलेल्या, संमेलनाच्या मंडपात टेबलावर विकलेल्या. मोठ्या दुकानांत त्या क्वचितच दिसल्या, आणि फोनवर शोधायला गेले तर बहुतेकांचे नावसुद्धा सापडत नाही. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ कोणीतरी उतरून घेतला, जपला, पुढे छापला, म्हणून तो आज वाचता येतो. ही पुस्तके मात्र अजून कुणाच्या तरी पेटीत, माळ्यावर पडून आहेत. लेखक वारले की मुले घर बदलतात आणि गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो.

आपल्या घरी असे काही असेल तर पुस्तकाचे नाव, लेखक आणि छापल्याचे साल एवढे आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. फोनवर पहिल्या पानाचा फोटो काढून पाठवलात तरी चालेल.