अंधेरीची काळी ठेव मोडू नका

अंधेरी पश्चिमेला, इमारतींच्या दाटीत, एक काळाकभिन्न कडा उभा आहे. गिल्बर्ट हिल. उंची सुमारे २०० फूट. माथ्यावर गावदेवीचं देऊळ, तिथवर नेणाऱ्या पायऱ्या. आपण रोज त्याच्या आसपासून जातो. पण आपल्यापैकी किती जण एकदा तरी वर चढलोय?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपत आले त्या काळात, इथे लाव्हा वाहत होता. तो निवताना आकसला आणि उभा तडकत गेला. म्हणून हे सरळसोट दगडी खांब. असेच खांब असलेल्या अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरला तिथल्या सरकारने १९०६ मध्येच राष्ट्रीय स्मारक ठरवलं. आपला कडा मात्र अजून आपल्यालाच नीट माहीत नाही.

हा कडा असा एकटा नव्हता. आजूबाजूचा डोंगर आपणच फोडला. सुरुंग लागले, खडी निघाली, रस्ते झाले, चाळी आणि टॉवर उठले. फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयाला कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड लागला. तो दगड वाया गेला असं कोण म्हणेल? मुंबई दगडावरच वाढली, आणि त्या खडीच्या घरांत आपणही राहतो.

पण शेत दरवर्षी पिकतं, डोंगर एकदाच देतो. खडी विकली की कमाई वहीत चढते. डोंगर उणा झाला, हे कुठल्याच वहीत चढत नाही. घरातलं सोनं विकून आलेल्या पैशाला आपण पगार म्हणतो का?

प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटाने हीच चूक केली. फॉस्फेट विकून ते १९७० च्या दशकात जगातल्या श्रीमंत देशांत जाऊन बसलं. मग साठे आटले, पैसा भलत्या गुंतवणुकींत बुडाला आणि बेटाचा मधला भाग खणून उजाड झाला. उलट बोत्सवानाने हिऱ्यांचा पैसा शाळा-रस्त्यांत घातला. आपल्या शेजारच्या गोव्यातही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये खनिजविक्रीतला १० टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितलं. म्हणजे शहाणपणाची वाट आहे, आणि ती फार लांबही नाही.

आपल्याकडेही व्याजावर जगण्याचा धडा आहेच. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेलं राष्ट्रीय उद्यान बघा. त्याच्या कुशीतला विहार तलाव १८६० पासून पाणी देतोय. जंगल राखलं, म्हणून तलाव राहिला.

गिल्बर्ट हिलला २००७ मध्ये वारसा दर्जा मिळाला. तेवढ्यावर निश्चिंत राहून चालणार नाही. इमारती पायथ्याला येऊन भिडल्यात आणि उघडा कातळ ऊन-पावसात झिजतोच आहे. कागदावरचा दर्जा कड्यापाशी उभा राहून राखण करत नाही. ती राखण आपल्यालाच करायची आहे.

काय करायचं? आधी बघायला जाऊ या, मुलांना घेऊन. कड्यावर नावं कोरणाऱ्याला प्रेमाने थांबवू या. पायथ्याशी राडारोडा पडलेला दिसला, नवं खोदकाम दिसलं, की फोटो काढून महापालिकेच्या के-पश्चिम विभागाला कळवू या. शाळा-कॉलेजातल्या भूगोलाच्या शिक्षकांनो, एक तास फळ्यासमोर नको, कड्यासमोर घ्या. घाटकोपर-मुलुंडकरांनो, तुम्हीही या. आणि परत गेल्यावर आपापल्या टेकड्यांकडे याच नजरेने बघा.

आणि एक सोपं काम. सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत पार्किंगची भांडणं आटोपली की पाच मिनिटं मागून घ्या. एकच ठराव मांडा: कड्याभोवती मोकळी जागा राखा, दरवर्षी तज्ज्ञांकडून त्याची तपासणी करा, पायथ्याशी मराठीत माहितीचा फलक लावा. तो ठराव पत्राने महापालिकेला पाठवा. एका सोसायटीचं पत्र फायलीत पडून राहील. शंभर सोसायट्यांची पत्रं आली, तर ती फाईल उघडावीच लागेल.