टायमर मागे पडतो तेव्हा

शिरूर-दौंडकडे वीज गेली की फिरत्या चकतीचा टायमरही थांबतो. दोन तास वीज नसेल, तर तो तेवढाच मागे पडतो आणि घरातील रोपांवरचे दिवे अवेळी लागतात. शेवंती लांब रात्रीतच कळी धरते. रात्रीचा हा उजेड तिला फुलू देत नाही. म्हणून वीज येताच चकती घड्याळाशी जुळवावी. बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर अधिक सोयीचा.

वेळ बरोबर असूनही दिवे विझत नसतील, तर बाजूची कळ ‘सतत चालू’वर नाही ना, हे आधी पाहावे. तसे नसल्यास आतील संपर्कबिंदू चिकटले असावेत. एलईडी दिवे लागताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात. दिवे अनेक असल्यास मध्ये कॉन्टॅक्टर हवा. टायमर स्वतः न उघडता मुख्य स्विच बंद करून जाणत्या वायरमनला बोलवावे.