अंत्यविधीचे दर जाहीर असावेत

अंत्यसंस्काराची सारी तजवीज ठरावीक रकमेत करून देणाऱ्या संस्था मुंबईत निघाल्या असल्या, तरी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मयताचे काम अद्याप भाऊबंद आणि शेजारीच करतात. कोणी बांबू तोडून आणतो, कोणी तिरडी बांधतो, कोणी ट्रॅक्टर जुंपून लाकडांना जातो, आणि मातीला आलेल्या माणसाला या कामाचे पैसे विचारणे म्हणजे त्याचा अपमान समजला जातो. ही रीत टिकावी अशीच माझी मनःपूर्वक इच्छा आहे. परंतु मृत्यू घरी न येता शहरातील रुग्णालयात आला, म्हणजे रुग्णालयाच्या फाटकापासून गावाच्या वेशीपर्यंतचा टप्पा असा असतो, की तेथे भाऊबंदांचा इलाज चालत नाही. तेथे अनोळखी इसमावर विश्वास टाकावाच लागतो, आणि तो कशाच्या आधारे टाकावा, याचा विचार आपण आधी कधीच केलेला नसतो.

उमरखेड किंवा झरी जामणीकडच्या एखाद्या खेड्यातील कुटुंब शंभरावर किलोमीटरवरील यवतमाळला आलेले असते. मृत्यू विष घेतल्याने झालेला असेल, तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अपरिहार्य ठरते. केंद्र सरकारने 2021 च्या नोव्हेंबरात सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनास मुभा दिली असली, तरी आत्महत्या व संशयास्पद मृत्यू सर्वसाधारणपणे त्या सवलतीतून वगळलेले असल्याने त्या कुटुंबास रात्र आवारातच काढावी लागते. अशा वेळी कोणी तरी जवळ येऊन बसतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, “गाडी लागन का, भाऊ? पैशाचं मंग पाहू.” 108 क्रमांकाची रुग्णवाहिका जिवंत रुग्णासाठी असते, प्रेतासाठी नव्हे, म्हणून घरचा माणूस मान डोलावतो. गाडी येते, तिच्याबरोबर शीतपेटी येते, कापड येते, आणि भाड्याचा आकडा मात्र गावाच्या वेशीवर, प्रेत अजून गाडीतच असताना, प्रथमच उच्चारला जातो. त्या क्षणी घासाघीस करणे बापाला पोहोचवायला निघालेल्या मुलाच्या जिवावर येते, आणि नेमक्या त्याच संकोचावर असा व्यवहार चालतो. डिझेलपुरते पैसे घेऊन रात्री-अपरात्री धावणारे सहृदय चालकही या जिल्ह्यात आहेत. दर कोठेच लिहिलेला नसल्यामुळे त्यांचीही गणना लुबाडणाऱ्यांत होते, हा त्यांच्यावरील अन्याय मला फार लागतो.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे, की अंत्यविधीच्या कामात विश्वासाची पारख गोड बोलण्यावरून न होता आधी सांगितलेल्या दरावरून आणि नंतर दिलेल्या पावतीवरून व्हावी. अमेरिकेत 1984 पासून असा नियम अंमलात आहे, की अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्याने प्रत्येक वस्तूचा व सेवेचा वेगळा दर लेखी द्यावा आणि दूरध्वनीवर विचारणाऱ्यासही तो सांगावा. आपल्याकडे तर प्रेताच्या विल्हेवाटीची जागा राखणे हे 1965 च्या अधिनियमान्वये नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे, आणि खेड्यातील दहन-दफनभूमी ग्रामपंचायतीच्या कामांत मोडते. मग शववाहिनीचा दर, लाकडाचा दर, थांबण्याचे व परतीचे भाडे यांचा फलक शवागाराच्या दाराशी व मोक्षधामात का नसावा? शेजारच्या नागपूरची महानगरपालिका आपल्या घाटांवर दहनासाठी लाकूड विनामूल्य देते, आणि पिकांच्या अवशेषांपासून केलेले मोक्षकाष्ठही तेथे वापरात आले आहे. पऱ्हाटी बांधावर पेटवून देणाऱ्या आमच्या कापसाच्या जिल्ह्याला हे अशक्य वाटावे, याचे मला नवल वाटते.

कुटुंबांनीही एक खबरदारी घ्यावी. मृत्यूचा दाखला जेथे मृत्यू झाला तेथील निबंधकाकडून मिळतो, गावच्या ग्रामसेवकाकडून नव्हे; रुग्णालयातील मृत्यूची इतल्ला रुग्णालयानेच द्यावयाची असते, आणि 21 दिवसांच्या आत नोंद झाल्यास तिला शुल्क पडत नाही. तेव्हा “दाखला काढून देतो” म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पैसे अथवा पंचनाम्याची व शवविच्छेदन अहवालाची नक्कल मुळीच देऊ नये. शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात वारसांस 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणे मिळणारे 1 लाख रुपयांचे साहाय्य याच कागदांच्या आधारे ठरते, आणि ते गहाळ झाले म्हणजे तेरवीचे कर्ज डोक्यावर घेतलेली विधवा तहसिलीच्या पायऱ्या झिजवीत राहते.

दरफलकासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील नगरपरिषदांनी येत्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव करावा, शववाहिनी चालविणाऱ्या संस्थांची व गाडीमालकांची यादी दरांसह मागवावी, पावती न देणाऱ्याचे नाव यादीतून कमी करावे, आणि फलकाची अक्षरे रात्रीच्या उजेडातही वाचता येतील एवढी मोठी ठेवावीत.