‘स्वस्थ बसा’ म्हणण्यापूर्वीं

संस्कृतांत आणि मराठींत एकाच रूपानें वावरणारे, पण अर्थानें एकमेकांपासून दूर गेलेले शब्द पुष्कळ आहेत. ‘स्वस्थ’ हा त्यांपैकींच एक. ‘स्व’ म्हणजे आपण आणि ‘स्थ’ म्हणजे राहणारा. ज्याचें शरीर व मन आपल्या मूळ प्रकृतींत स्थिर आहे तो स्वस्थ. आयुर्वेदांत निरोगी मनुष्यास हाच शब्द लावतात. मराठींत मात्र आपण मुलास ‘स्वस्थ बस’ म्हणतों, तेव्हां त्यास आरोग्याचा आशीर्वाद देत नसतों. हातपाय हलवूं नकोस, एवढेंच सांगत असतों. शब्दाच्या या प्रवासाचें एरवीं आम्हांस कौतुकच वाटलें असतें. परंतु घरांत कोणास कर्करोग झाला, कीं हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात, आणि जो निश्चल बसेल तोच निरोगी होईल अशी वडील मंडळींची समजूत होते. या महिन्यांत त्या समजुतीविषयीं चार शब्द लिहावे म्हणतों.

आमचें भरे गांव मुळशी तालुक्यांत, पिरंगुटच्या पलीकडे, घोटवडे फाट्याजवळ. एके काळीं भाताचीं खाचरें आणि त्यांवर पोट भरणारीं घरें, एवढाच येथील संसार होता. आज पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली, भरे या सबंध पट्ट्यांत कारखाने उभे आहेत, आणि ज्या घरांतून पूर्वीं औत बाहेर पडे त्या घरांतून आतां डबा घेऊन माणसें पाळीवर जातात. अशाच एका एकत्र कुटुंबांतील चाळिशीचा मुलगा कारखान्याच्या कचेरींत हिशेब पाहतो. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर त्याची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढें दर तीन आठवड्यांनीं शिरेवाटे औषध घेण्याचा क्रम सुरू झाला. दुसऱ्या फेरीनंतर तो म्हणूं लागला, ‘मी कचेरींत जातों.’ घरांत वाद झाला. निवृत्त शिक्षकाकडे लोक ज्या कारणांनीं येतात त्यांत निवाडा हेंही एक असल्यामुळें तो वाद आमच्या ओसरीवर आला.

वडील म्हणाले, ‘आम्ही अजून मेलों नाहीं. तुझ्या पगारावांचून हें घर उपाशी राहणार नाहीं. स्वस्थ पडून राहा.’ मुलगा म्हणाला, ‘अण्णा, मी पगारासाठीं जातच नाहीं. घरीं दिवसभर मला आजाराशिवाय दुसरें कांहीं दिसत नाहीं. कचेरींत निदान चार तास तरी कोणी मला कसें वाटतें म्हणून विचारणार नाहीं.’ सून कांहींच बोलली नाहीं. दोघे पुरुष उठून अंगणांत गेल्यावर ती हळूच म्हणाली, ‘मास्तर, पगाराची गरज नाहीं असें दोघेही म्हणतात. घराच्या कर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला जातो, हें फक्त मला ठाऊक आहे.’

वाचकहो, या तिघांपैकीं खोटें कोणीच बोलत नव्हतें; पण पूर्ण खरेंही कोणी बोलत नव्हतें. वडिलांच्या रागाखालीं भीति होती: मुलगा गेला तर काय, आणि आजारी मुलास कामावर धाडलें म्हणून गांव काय म्हणेल, ही. मुलाच्या निःस्पृहतेखालीं हप्त्याची चिंता होती. आम्हीं प्रथम एवढेंच सुचविलें, कीं पैशाची गोष्ट सर्वांसमक्ष एकदां बोलून घ्यावी. गरजेपोटीं करावयाचें काम आणि मनाच्या विरंगुळ्यासाठीं करावयाचें काम यांचे नियम निराळे असतात. पहिल्यासाठीं दुसरी तजवीज शोधतां येते. दुसऱ्यास पर्याय नसतो.

आतां वैद्यकाची बाजू पाहूं. मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. त्या काळीं हा रोग झाला म्हणजे घरदार सोडूनच जावें लागे. उपचार चालू असतां नोकरी करावी कीं नाहीं, हा प्रश्न बहुतेकांपुढें उभाच राहत नसे. आज बहुतेक औषधें सकाळीं रुग्णालयांत जाऊन घेतां येतात आणि सायंकाळीं मनुष्य घरीं परततो. ओकारी थांबविणारीं प्रभावी औषधें १९९० नंतर प्रचारांत आलीं, त्यामुळें पूर्वींची ती दैना पुष्कळ कमी झाली आहे. म्हणजे काम करावें कीं करूं नये, हा वाद वैद्यकाच्या प्रगतीनेंच आपल्या ओसरीवर आणून सोडला आहे.

परंतु घरीं परतलेला मनुष्य म्हणजे बरा झालेला मनुष्य नव्हे. तीन आठवड्यांच्या फेरींत पहिले कांहीं दिवस मळमळ व ग्लानि यांचे असतात. बहुतेक औषधांच्या बाबतींत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तांतील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. बाहेरून रोगी बरा दिसतो, चालतो, बोलतो. आंतून मात्र तो याच वेळीं सर्वांत असुरक्षित असतो. या दिवसांत लग्नकार्य, जत्रा, गच्च भरलेली बस हीं टाळावीं. आणि अंगांत १००.४ अंश फॅरनहाइट ताप भरला, तर काढा देऊन सकाळपर्यंत वाट पाहत बसूं नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावें. तिसऱ्या आठवड्यांत बहुधा हुशारी परत येते, आणि काम करावयाचें तर तें तेव्हां.

किरणोपचारांची रीत याहून निराळी. ते बहुधा आठवड्यांतून पांच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. यंत्राखालीं मिनिटें थोडींच जातात. पण भरे गांवाहून पुण्यास जाऊन येण्यांत अर्धा दिवस सरतो. शिवाय येथें थकवा फेरीफेरीनें न येतां हप्त्यावरील व्याजासारखा सांचत जातो. उपचार संपला म्हणून रोग्यास घरच्यांनीं लगेच कामास जुंपावें, तर तोच काळ सर्वाधिक थकव्याचा असतो.

कामाचा प्रकारही पाहिला पाहिजे. कांहीं औषधांनीं बोटें बधिर होतात; आंतड्याच्या कर्करोगावरील एका नेहमींच्या औषधानें तर थंड पाण्याचा तांब्या हातीं धरला, तरी सुया टोंचल्यासारखें होतें. अशा हातांनीं कागद चाळतां येतील. फिरत्या यंत्राशीं गांठ घालूं नये. गुंगी आणणारीं औषधें चालू असतां दुचाकीवरून पिरंगुटचा घाट चढूं नये. आणि आषाढांत लावणी कितीही खोळंबली, तरी पेशी उतरलेल्या माणसानें उघड्या पायांनीं चिखलांत उतरूं नये. लहानशी जखमही तेव्हां लहान राहत नाहीं. याच्या उलट, अंथरुणास खिळून राहणेंही हितकर नाहीं. वैद्यानें मना केलें नसल्यास रोज थोडें चालणें-फिरणें थकवा वाढवीत नाहीं, कमीच करतें, हें आतां सर्वमान्य झालें आहे. ‘पडून राहा’ हा उपदेश प्रेमाचा खरा, पण शास्त्राचा नव्हे.

या विषयावर बोलतांना लोक थोरांचीं उदाहरणें देतात. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमींत शरद पवार यांस तोंडाचा कर्करोग झाल्याचें कळलें. मुंबईस शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत ते केंद्रांत कृषिमंत्री झाले. छत्तीस वेळां किरणोपचार घ्यावे लागले. सकाळीं नऊपासून दुपारीं दोनपर्यंत मंत्रालयाचें काम करून आपण रुग्णालयांत जात असूं, आणि मग वेदनेमुळें घरीं येऊन पडून राहत असूं, असें त्यांनींच पुढें जाहीरपणें सांगितलें आहे. तंबाखूच्या संवयीनें हें ओढवलें, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. पुढें २०१४ पर्यंत ते त्या पदावर होते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचा स्वादुपिंडाचा आजार फेब्रुवारी २०१८ मध्यें उघडकीस आला. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली येथें उपचार झाले. नाकांत नळी असतांना ते बांधकाम चालू असलेले पूल पाहावयास गेले; ३० जानेवारी २०१९ रोजीं त्यांनीं विधानसभेंत अंदाजपत्रक मांडलें; १७ मार्च रोजीं ते गेले. पुण्याच्या कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक जून २०२२ मध्यें मत देण्यासाठीं रुग्णवाहिकेनें मुंबईस गेल्या, आणि त्याच वर्षीं २२ डिसेंबर रोजीं त्यांचें निधन झालें.

हीं उदाहरणें आदरानें आठवावीं. पण त्यांतून काय घ्यावें याचा विवेक हवा. पहिल्यास कामानें वांचविलें नाहीं, आणि दुसऱ्या दोघांस कामानें मारिलें नाहीं. रोग कोठला, किती पसरला, औषधास कितपत वश झाला, यांवर तें ठरलें. पर्रीकरांच्या वेळीं राज्यकारभार रुग्णशय्येवरून चालूं नये, असें म्हणणारेही होते, आणि त्यांचें म्हणणें निव्वळ द्वेषाचें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. पवारांच्या दिनचर्येंत आमच्या मतें शिकण्याजोगी गोष्ट दोन वाजतां उठण्याची आहे. पूर्वींचा सबंध दिवस ओढीत बसण्यापेक्षां, जेवढा वेळ आपला आहे तेवढाच त्यांनीं कामास दिला. शिवाय मंत्र्याच्या दाराशीं गाडी असते, हाताशीं सचिव असतो. पिरंगुटच्या कारखान्यांत आठ तास यंत्रापुढें उभ्या राहणाऱ्यास ‘पाहा, ते कसे खंबीर, आणि तूं निजून!’ असें म्हणणें म्हणजे आजारावर लाजेचा भार चढविणें होय. ज्यास झेपत नाहीं तो भ्याड नव्हे, आणि ज्यास झेपतें तो अविचारी नव्हे.

न झेपणाऱ्यास कायद्याचा आधार आहे, आणि तो पुष्कळांस ठाऊक नसतो. ज्यांच्या पगारांतून कामगार राज्य विमा योजनेची वर्गणी कापली जाते, त्यांस आजारपणाच्या काळांत मजुरीचा कांहीं हिस्सा मिळतो. कर्करोगासारख्या ठराविक दीर्घ आजारांत, नोकरी व वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असल्यास, तो मजुरीच्या शेंकडा ८० इतका असून कमाल दोन वर्षांपर्यंत मिळूं शकतो. हा लाभ चालू असतां मालकास त्या कामगारास सहसा काढून टाकतां येत नाहीं. मात्र ज्या दिवसाचा लाभ घ्यावयाचा त्या दिवसाची मजुरी घेतां येत नाहीं. म्हणून कोणते आठवडे कामाचे आणि कोणते रजेचे, हें आधींच ठरवून वैद्याचे दाखले नीट जपावे. ज्यांस ही योजना लागू नाहीं, त्यांनीं राजीनामा लिहिण्यापूर्वीं रजेचे नियम वाचावे. भीतीच्या पहिल्या महिन्यांत लिहिलेला राजीनामा पुढें बरें वाटूं लागल्यावर परत घेतां येत नाहीं.

आतांपर्यंत ‘काम’ म्हणजे पगाराचें काम असें धरून आम्हीं लिहिलें. परंतु घरांतील सून स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत असूनही पहाटे ओट्यापुढें उभी राहते, तेव्हां तिला ‘कामावर जाऊं नकोस’ असें कोणी म्हणत नाहीं. कारण तें काम आहे असेंच कोणास वाटत नाहीं. मुलासाठीं ओसरीवर निवाडे मागणाऱ्या घरांनीं हा प्रश्न सुनेसाठीं कधीं विचारला आहे काय? काखेंतील गांठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजण्याचें भय असतें; त्या हातास भाजणें-कापणें यांपासून जपावें लागतें. उपचाराच्या पहिल्या दोन आठवड्यांत तरी स्वयंपाकघर जावांनीं, सासूनें, आणि होय, पुरुषांनींही वांटून घ्यावें. एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य म्हणतात तें अशा वेळीं दिसावयाचें नाहीं, तर केव्हां? आणि याचें दुसरें टोकही तितकेंच वाईट. तिच्या हातच्या किल्ल्या, दूधवाल्याचा हिशेब, धाकट्याचा अभ्यास, सर्वच काढून घेतलें, तर तिच्याजवळ उरतो तो केवळ आजार. ओझें घ्यावें, अधिकार घेऊं नये.

वर सांगितलेल्या घरांत शेवटीं असें ठरलें, कीं वैद्याच्या संमतीनें पहिला आठवडा विश्रांतीचा, दुसऱ्या आठवड्यांत जमेल तेवढा हिशेब घरूनच संगणकावर पाहावयाचा, आणि तिसऱ्यांत अर्धा दिवस कचेरी. मालकानें तें मान्य केलें. हप्त्याची तारीख आतां भिंतीवरील कालनिर्णयावर लिहिली आहे. उपचार अजून चालू आहेत. पुढील भविष्य सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं.

वाचक मंडळींस सुचवावयाचें तें इतकेंच. रोग्यास काय करतां येत नाहीं याची यादी करण्यापूर्वीं, काय करावेंसें वाटतें तें त्यासच विचारावें. वैद्याकडे जातांना ‘काम करूं का?’ असें मोघम न विचारतां, काम कोणतें, तें किती तास, प्रवास किती, हें कागदावर लिहून न्यावें. आज गेला म्हणून उद्यां गेलाच पाहिजे असें नाहीं, आणि आज परत आला म्हणून हार झाली असेंही नाहीं. दुखण्यानें मनुष्याचें शरीर कांहीं काळ वैद्याच्या स्वाधीन होतें. राहिलेला मनुष्य ज्याचा त्याच्या स्वाधीन राहूं द्यावा. संस्कृतांतील ‘स्वस्थ’ या शब्दाचा अर्थ तोच आहे.