चौकटीतली जाहिरात

‘पेपरातली जाहिरात संपली. पैसे टाकायचे तर मोबाइलवर टाका.’ आमच्या जाहिरातींच्या धंद्यात नव्यानं आलेला प्रत्येक पोरगा मला हे ऐकवतो. त्याच्या वयाची मुलं पेपर हातात धरत नाहीत, हे मान्य. पण म्हणून जाहिरात संपली?

कर्ज थकून बँकेनं घराचा ताबा घेतला, तर सरफेसी कायद्याखालच्या 2002 च्या नियमांप्रमाणे नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. जमीन घेणाराही वकिलाकडून ‘जाहीर नोटीस’ देतो. का? मोबाइलवर मला दिसणारी जाहिरात शेजाऱ्याला दिसेलच असं नाही. पेपरातली मात्र सगळ्या गावाला तीच दिसते. ‘जाहीर’ या शब्दाचा अर्थच तो आहे.

मागे एक गृहस्थ वडिलांच्या पुण्यस्मरणाची जाहिरात घेऊन आले. व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना कळवून झालं होतं. ‘मग पुन्हा खर्च कशाला?’ मी धंद्याविरुद्ध विचारलं. म्हणाले, ‘आईला कापून ठेवायचीय.’ दुसऱ्या दिवशी जाहिरात आली ती ‘दत्तात्रय’चं ‘दत्तात्रेय’ होऊन. मोबाइलवर हे दोन मिनिटांत दुरुस्त झालं असतं. इथं हजारो प्रती वाटून झाल्या होत्या. शुद्धिपत्र आलं, पण आईनं ते कापलं नाही.

तेव्हा दोष आहेतच. कोथरूडच्या दुकानदाराला गिऱ्हाईक हवं असतं दोन गल्ल्यांतलं, आणि पैसे मोजावे लागतात अख्ख्या पुणे आवृत्तीचे. एबीसी ही संस्था पेपरांचा खप मोजते. जाहिरातीवर नजर कितींची थांबली, ते खपाच्या आकड्यात नसतं. मोबाइलवाले निदान क्लिक तरी दाखवतात. त्यातले खरे किती, हा प्रश्न तूर्त सोडू.

पण या दोषांनी छापील जाहिरात मरत नाही. तिच्या मुळावर उठलेत खुद्द पेपरवाले. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत उमेदवाराच्या कौतुकाचा एकच मजकूर शब्दशः छापून आला. ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची, चौकशी करायला प्रेस कौन्सिलनं त्याच वर्षी उपसमिती नेमली होती. वाचक जाहिरातीला फसत नाही, चौकट बघून तो सावध असतो. चौकटच काढून टाकली, तर शेजारच्या खऱ्या बातमीवर तरी त्यानं का विश्वास ठेवावा? आणि तो विश्वास गेल्यावर जाहिरातदारानं तिथं जागा घ्यावी कशासाठी?

परवाच एक बिल्डर समोर बसून म्हणाला, ‘चौकट नको हो, बातमीसारखं लावा.’ मी पेपरच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून नकार आला नाही, दर आला. चौकटीपेक्षा जास्त.