विषाणू ‘झोपलेला’ डीएनए जागा करतात, मग त्यातून कर्करोग होतो का?

तापानंतर ओठांवर उठणारे फोड बहुतेकदा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे येतात. हा विषाणू शिरलेल्या पेशींत कर्करोगाच्या गाठींसारखीच एक खूण दिसते, असं अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये आढळलं. मग हर्पिसमुळे कर्करोग होतो का? या संशोधनातून तसं सिद्ध होत नाही.

ही खूण कोणती?

आपल्या डीएनएचा जवळपास निम्मा भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा आहे. त्यातला ‘एचसॅट-२’ हा तुकडा निरोगी पेशीत सहसा गप्प असतो, म्हणजे त्याची आरएनए नक्कल निघत नाही. अशा तुकड्यांच्या नकला स्वादुपिंडाच्या कर्करोगात भरमसाट निघतात, हे २०११ मध्ये समोर आलं होतं. २०१९ च्या प्रयोगांत हर्पिस सिम्प्लेक्स आणि त्याच कुळातल्या सायटोमेगॅलो विषाणूची लागण झालेल्या पेशींतही एचसॅट-२ च्या नकला निघाल्या.

विषाणूला त्याचा फायदा काय?

संशोधकांनी या नकला अडवल्या, तेव्हा सायटोमेगॅलो विषाणूची वाढ मंदावली. म्हणजे विषाणू स्वतःच्या वाढीसाठी आपल्याच पेशीतली अडगळ वापरतो. त्यामुळे या नकला रोखणारं औषध शोधता येईल का, हा पुढचा प्रश्न आहे.

साम्य म्हणजे कारण नव्हे

दोन घरांची कुलपं सारखीच तुटली, म्हणून चोर एकच असतो असं नाही. विषाणूमुळे कर्करोग होतो हे ठरवायला माणसांवरचा दीर्घ अभ्यास लागतो. एचपीव्ही विषाणूबाबत ते झालं आहे. गर्भाशयमुखाचे जवळपास सगळे कर्करोग त्याच्यामुळे होतात.

कारण पक्कं कळल्यावर काय साधतं, हे महाराष्ट्रातच दिसलं. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: ज्या गावांत एचपीव्हीची एकदाच तपासणी झाली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांपेक्षा जवळपास निम्मे होते.

तुमच्यासाठी याचा अर्थ

राहात्यासारख्या तालुक्यातल्या बाईने ओठांवरच्या फोडांमुळे कर्करोगाची धास्ती घेऊ नये. तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारावं. मुलींसाठी एचपीव्हीची लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ वर्षांच्या वयात ही लस घेणं सर्वात उपयोगी ठरतं.